झडप-आवरण, ओतीव ॲल्युमिनियमाचे

एंजिनाच्या माथ्यावरील झडपांची यंत्रणा झाकणारे व वंगण तेल बाहेर पडू न देणारे आवरण. गळलेले तेल तप्त निष्कास नळीवर पडल्यास आग लागण्याचा धोका असतो. म्हणून त्याची गळती व तडे टाळणे आवश्यक असते.

एंजिनात ओतीव ॲल्युमिनियम वापरल्याचे प्रसिद्ध आद्य उदाहरण राइट बंधूंच्या विमानाचे आहे. चार्ल्स टेलर यांनी घडविलेल्या त्या एंजिनाचा सांगाडा सुमारे ८% तांबे असलेल्या मिश्रधातूचा होता. फेब्रुवारी १९०३ मधील चाचणीत बेअरिंगे अडकून तो फुटला व नवा ओतून घ्यावा लागला. तांबेयुक्त ओतिवांना गोठतानाही तडे जाण्याची प्रवृत्ती असते. अलादार पाट्स यांनी सोडियम संयुगाच्या संस्काराने सिलिकॉनयुक्त मिश्रधातूची संरचना सूक्ष्म केली (एकस्व १९२१). ही मिश्रधातू साच्यात सहज पसरते व कमी आकसते. त्यामुळे पातळ, गळतीरोधी आवरणे ओतणे सुलभ झाले.

वितळलेल्या धातूतील हायड्रोजन गोठताना मुक्त होऊन सूक्ष्म छिद्रे पडतात. यासाठी तो ओतण्यापूर्वी काढून टाकतात. उरलेली छिद्रे निर्वातात रेझीन भरून बुजवितात.

ॲल्युमिनियमाचे औष्णिक प्रसरण ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट असल्याने सांध्यावर वारंवार ताण येतो. पूर्वीच्या बुचाच्या गॅस्केटा उष्णतेने कडक होत. पुढे लवचिक रबर व सिलिकोन यांच्या गॅस्केटा आल्या. गळती थांबविण्यासाठी बोल्ट अतिरिक्त आवळल्यास आवरण वाकते व भोकांपाशी तडकते. म्हणून पृष्ठ सपाट करून बोल्ट मध्यापासून कडांकडे, टप्प्याटप्प्याने, ठराविक पिळाने आवळतात. तडकलेल्या आवरणात मुरलेल्या तेलामुळे वितळजोड सच्छिद्र होते. त्यामुळे जोडकामापूर्वी ते पूर्णपणे स्वच्छ करावे लागते.