काकवीचे माप आणि वजन

कागल तालुक्यातील वेदगंगाकाठच्या मुरगूड परिसरात उसाबरोबर गुऱ्हाळेही रुजली. चुलवाणावरील काहिलीत रस आटत असताना रानभेंडीच्या चिकाने मळी वर आणून काढली जाते, आणि गुळाचा पाक होण्याआधीच जो दाट, वाहता रस उतरवून घेतात, त्यास काकवी म्हणतात. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, काट्यावर तोलला जाई, त्यामुळे त्याच्या हिशेबात घोळ नव्हता. वाहत्या काकवीचा प्रश्न मात्र वेगळा होता. जुन्या व्यवहारात शेर दोन प्रकारचा असे: ८० तोळ्यांचा वजनी शेर, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि चिपटे, मापटे, पायली या मालिकेतील मापी शेर, जो भांड्याच्या पोकळीवर ठरे व गावोगाव बदले. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर किलो आणि लिटर आले, तरी एक लिटर म्हणजे एक किलो ही समजूत, जी केवळ पाण्यालाच शोभते, घरोघरी टिकली.

काकवीचा लिटर दाटपणानुसार साधारण १.३ ते १.४ किलो भरतो. म्हणून २०० मिलिलिटरच्या वाटीत पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास काकवी मावते, परंतु तिच्यात पाव ते तिसरा हिस्सा पाणीच असते. कणकेत गुळाऐवजी काकवी घालणाऱ्याने वजन जुळवले, तरी गोडी कमीच पडते आणि कणीक सैल होते. शिवाय गरम काकवी फुगलेली असल्याने त्याच मापात वजनाने किंचित कमी भरते, आणि वाटीच्या कडेला चिकटून राहिलेला थर हिशेबात कोणीच धरत नाही.