पांडवांनी बांधलं, म्हणजे कोणी बांधलं?

अद्भुत कादंबऱ्यांत आणि मुलांच्या गेममध्ये एक जागा हमखास येते. घनदाट अरण्य, त्यात एल्फ नावाच्या देवतुल्य लोकांचं पडकं नगर. बांधणारे केव्हाच निघून गेलेले, मागे फक्त दगड. आपल्याला हे परदेशी वाटतं. पण राजूरहून पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर जा. जंगल संपतं आणि एकदम समोर कोरीव शिखर, लेणी, पाण्याची टाकी, पुष्करणी. कोणी बांधलं, असं विचारलं की उत्तर तयार असतं: पांडवांनी, एका रात्रीत.

या उत्तरात बांधकामाबद्दलचा आदर आहे, हे आपण मान्य करू. पण त्यात एक नुकसानही आहे. पांडवांचं नाव घेतलं की पुढचे प्रश्न बंद होतात. बेसॉल्टसारखा कठीण दगड छिन्नीनं फोडणारे पाथरवट, त्यांना धान्य पुरवणारी गावं, खर्च करणारे दाते, सगळे पुसले जातात.

वास्तविक इथे माणसांच्या खुणा भरपूर आहेत. मंदिर परिसरातल्या शिलालेखांत चांगदेवांचं नाव येतं. त्यांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ याच गडावर शके १२३४, म्हणजे इ.स. १३१२ मध्ये रचला. त्याच दशकात देवगिरीचं यादव राज्य संपलं. राजधानी कोसळत होती आणि इथे एक योगी मराठीत तत्त्वज्ञान लिहीत होता. म्हणजे हा गड नुसता लढाईचा नव्हे, अभ्यासाचाही होता.

मग इतक्या आडरानात का? इथे आपण आजचा नकाशा बाजूला ठेवला पाहिजे. कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या घाटवाटा याच डोंगररांगेतून जातात. दक्षिणेला नाणेघाट आहे, आणि तिथल्या सातवाहनकालीन लेखांवरून ही वाहतूक दोन हजार वर्षांची जुनी ठरते. बैलांचे तांडे चालत होते तोवर हा मुलूख आडबाजूला नव्हता. १८६० च्या दशकात बोरघाट आणि थळघाटातून रेल्वे वर चढली आणि माल तिकडे वळला. तेव्हा ‘हरवलेलं’ काय, तर नगर नव्हे, वाट हरवली.

आणि कादंबरीतल्या नगराशी सर्वांत मोठा फरक पुढेच आहे. इथली माणसं निघून गेली नाहीत. महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या याच डोंगरांत आहेत. इंग्रजांविरुद्ध उठलेले आणि १८४८ साली ठाण्याला फाशी गेलेले राघोजी भांगरे याच मुलखातले, देवगावचे. हा प्रदेश १९८६ पासून अभयारण्य आहे. पण अभयारण्य म्हणजे निर्मनुष्य रान, असं समजून आलेला पाहुणा या माणसांना वाटाडे म्हणून पाहतो, वारस म्हणून पाहत नाही.

केदारेश्वराच्या गुहेत थंडगार पाण्यात मोठं शिवलिंग आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच अखंड उरलाय. तो पडला की युग संपेल, असं म्हणतात. आपण ती कथा जरूर सांगावी. पण खांब माणसांनी उभा केलाय, म्हणून त्याची काळजीही माणसांनीच घ्यायची आहे. त्या पाण्यात उतरून धिंगाणा घालू नये, दगडावर नावं कोरू नयेत आणि गडाचा इतिहास विचारायचा असेल तर आधी पाचनईत विचारावा.