कॅम्प, कँटीन आणि पहारा

आमच्या मोहन्याहून उल्हासनगरला निघालेला माणूस अजूनही 'कॅम्पात जातो' असंच म्हणतो. दुसऱ्या महायुद्धातली ती लष्करी छावणी. १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. त्याच वर्षी मुंबई प्रांताने दारूबंदी कायदा केला. त्याच्या कलम ३९ मध्ये लष्करी मेस आणि कँटीनला मात्र सवलत होती. हा पंक्तिप्रपंच कशाला, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५१ साली बलसारा खटल्यात न्यायालयाने सवलत वैध ठरवली.

मला वाटायचं, फौजींची चंगळच! मग १९५० च्या लष्करी कायद्याचं कलम ४८ वाचलं. नशेत सापडलेल्या जवानाला दोन वर्षांपर्यंत कैद. ड्युटीवर नसेल तर सहा महिन्यांपर्यंत. अधिकारी असेल तर बडतर्फीसुद्धा. म्हणजे गुन्हा पिण्याचा नाही, नशेत असण्याचा.

म्हणूनच संशयाची वेळ नाजूक. तोंडाला वास येणं म्हणजे नशा नव्हे, आणि आजारी माणूसही अडखळतो. आधी बंदूक काढून घ्यावी, डॉक्टरला दाखवावं, आरोप नंतर. दोस्तीखातर झाकलं तर त्याच्या भरवशावर झोपलेले धोक्यात. नुसत्या वासावर ठरवलं तर एखाद्याचं आयुष्य उठतं.

असो. कॅम्पातून जाताना हल्ली हे आठवतं, इतकंच.