आर्मेरो, १३ नोव्हेंबर १९८५

नोव्हेंबर १९८४. कोलंबियातल्या नेवादो देल रुइस या ५,३०० मीटरहून उंच ज्वालामुखीत हालचाल सुरू होते. बारीक भूकंप होऊ लागतात, विवरातून निघणारी वाफ वाढते.

डोंगराच्या पोटात काय चाललं होतं, ते आधी पाहू. पृथ्वीचं कवच सलग नाही, ते मोठमोठ्या भूपट्टांचं बनलेलं आहे. प्रशांत महासागराखालचा नाझका भूपट्ट दरवर्षी काही सेंटिमीटर सरकत दक्षिण अमेरिकेच्या भूपट्टाखाली जातो. खोल गेल्यावर त्यातलं पाणी बाहेर पडून वरच्या प्रावरणात शिरतं. पाणी मिसळलं की खडक एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळतो. त्याचाच शिलारस होतो. तो आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका असल्यामुळे वर चढतो आणि वाटेत साठून राहतो. आपला सह्याद्रीही लाव्हारसाचाच आहे, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो पातळ लाव्हारस जमिनीच्या भेगांतून बाहेर येऊन थरावर थर पसरला. रुइसचा शिलारस चिकट. त्यात विरघळलेले वायू सहज सुटत नाहीत. शिलारस पृष्ठभागाजवळ आला आणि दाब कमी झाला, की ते एकदम फुगतात आणि शिलारसाच्या चिंधड्या करून बाहेर पडतात. त्या चिंधड्या म्हणजेच ज्वालामुखीची राख.

रुइसच्या माथ्यावर आणखी एक गोष्ट होती. विषुववृत्ताजवळ असूनही, उंचीमुळे तिथे बारा महिने बर्फ असतं.

११ सप्टेंबर १९८५. वाफेचा स्फोट. राखेने वितळलेल्या बर्फाचा चिखल असुफ्रादो नदीच्या दरीतून सुमारे २७ किलोमीटर वाहत जातो आणि थांबतो.

७ ऑक्टोबर. सरकारी भूशास्त्रज्ञ धोक्याचा नकाशा सादर करतात. विवरापासून नदीच्या वाटेने ७४ किलोमीटरवर असलेलं आर्मेरो गाव त्यात चिखलाच्या वाटेवर दाखवलेलं असतं. उद्रेक झालाच तर चिखलाचा लोंढा येणार हे नक्की, मात्र आर्मेरो रिकामं करायला सुमारे दोन तास मिळतील, असं अहवाल सांगतो. काही अधिकारी आणि व्यापारी म्हणतात, ही उगाच घबराट आहे. पुढच्या महिन्यात लोंढा जिथे जिथे पोचला, तो भाग या नकाशाशी जवळजवळ तंतोतंत जुळला.

हे आधीही घडलेलं होतं. १५९५ मध्ये याच डोंगराच्या चिखलाने सहाशेहून अधिक माणसं मारली, १८४५ मध्ये सुमारे हजार. १८४५ चा गाळ वाळला, सुपीक झाला आणि त्याच गाळावर पुढे आर्मेरो वसलं. १९८५ मध्ये तिथे सुमारे २९,००० लोक राहत होते. आसपास कापूस आणि भात पिकत होता.

६ नोव्हेंबर. राजधानी बोगोतात बंडखोर सर्वोच्च न्यायालयाची इमारत ताब्यात घेतात. दोन दिवस चाललेल्या लढाईत शंभराच्या आसपास माणसं मरतात. सरकारचं सगळं लक्ष तिकडे.

१३ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ३ वाजून ६ मिनिटं. रुइसमधून काळ्या राखेचा स्तंभ उठतो. लोंढ्याला अजून साडेआठ तास आहेत.

संध्याकाळी ५. आर्मेरोच्या रस्त्यांवर, छपरांवर राख पडू लागते. तोलिमा प्रांताच्या राजधानीत, इबागेला, आपत्कालीन समितीची बैठक सुरू होते. गावात रेडिओवरून आणि चर्चच्या भोंग्यावरून एकच सांगणं: शांत राहा, घरातच थांबा.

राखेसाठी हा सल्ला बरोबर होता. दार-खिडक्या लावल्या, नाकातोंडाला ओलं फडकं बांधलं की भागतं. चिखलासाठी तो अगदी उलटा होता. चिखल खोलगट जागेकडे धावतो, म्हणून माणसाने उंचावर जायचं असतं. गावालगतच चढ होता, दफनभूमी त्या उंचवट्यावर होती. चालत जाता आलं असतं.

संध्याकाळी ७. रेडक्रॉस गाव रिकामं करायला सांगते. थोड्याच वेळात राख पडायची थांबते. संकट टळलं असं समजून आदेश मागे घेतला जातो. पाऊस जोराचा आहे. लोक जेवायला बसतात.

रात्री ९ वाजून ८ मिनिटं. खरा उद्रेक आता होतो, या वेळी शिलारस बाहेर पडतो. ढग आणि पाऊस इतका, की खालून माथा दिसतच नाही. उद्रेक म्हणून तो लहानच होता. १९८० मध्ये अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सने जेवढा शिलारस फेकला, त्याच्या सुमारे तीन टक्के. पण तापलेली राख, दगड आणि वायू यांचे झोत थेट बर्फावरून सरपटत जातात, त्याला खरवडतात आणि वितळवतात. माथ्यावरचं सुमारे दहा टक्के बर्फ जातं, आणि तेवढं पुरेसं ठरतं. वितळलेलं पाणी राख घेऊन उतारावर निघतं आणि वाटेतली माती, धोंडे, झाडं उचलत दाट होत जातं. ओल्या काँक्रीटसारखा हा लोंढा, ज्याला लाहार म्हणतात, खाली पोचेपर्यंत काही ठिकाणी चौपट फुगलेला असतो.

अहवालातले दोन तास इथून मोजायला लागतात.

९:४५. इबागे आणि मुरियो इथले नागरी संरक्षणाचे अधिकारी आर्मेरोशी संपर्क करू पाहतात. संपर्क होत नाही.

१०:४०. डोंगराच्या पश्चिम बाजूचा लोंढा चिंचिना गावात शिरतो. तिथे सुमारे १,९०० माणसं मरतात. पूर्वेकडचे लोंढे अजून वाटेत आहेत आणि आर्मेरोकडे पाऊण तास आहे.

रात्री ११ च्या सुमारास. आर्मेरोतल्या एका हॉटेलात भूशास्त्राचे विद्यार्थी उतरलेले आहेत, अभ्यास सहलीला आलेले. ज्या विषयाची पुस्तकं त्यांच्या पिशवीत आहेत तो विषयच दरीतून त्यांच्याकडे येतो आहे, पण त्यांनाही रेडिओने धीर दिलेला आहे. गावातली वीज जाते. महापौर हौशी रेडिओ संचावर बोलत असतात. फार धोका वाटत नाही असं सांगत असतानाच त्यांचा आवाज बंद पडला, असं ऐकणाऱ्यांनी नंतर सांगितलं.

११:२५. आधी पाणी येतं. लागुनिया नदीचा पूर रस्त्यांवर. काही लोक त्याला पावसाचं पाणी समजून घरात थांबतात, काही चढाकडे पळतात.

११:३५. लाहार गावात येतो. वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर, म्हणजे तासाला ४० किलोमीटरच्या पुढे. पहिली लाट दहा ते वीस मिनिटं वाहते. मागून आलेली दुसरी लाट हळू आहे, पण ती सुमारे अर्धा तास टिकते.

१४ नोव्हेंबर, सकाळ. शेतांवर औषध फवारणाऱ्या विमानाचा वैमानिक आर्मेरोवरून उडतो आणि कळवतो की गाव राहिलेलं नाही. सुरुवातीला त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

आर्मेरोत वीस हजारांहून अधिक माणसं गेली. चिंचिना आणि इतर गावं धरून मृतांचा आकडा २३,००० च्या वर जातो. वाचलेल्यांपैकी बरेच जण त्या चढावर पोचलेले होते.

१६ नोव्हेंबर. चिखल इतका खोल आणि मऊ आहे की मदत करणाऱ्यांना त्यात पाऊल ठेवता येत नाही. ओमायरा सांचेस, वय १३, पडलेल्या घराच्या ढिगात पाय अडकून गळ्यापर्यंतच्या पाण्यात आहे. पाणी उपसायला लागणारा पंप वेळेत येत नाही. अडकल्यापासून सुमारे ६० तासांनी ती मरण पावते.