पोलॉक, त्याचा भाऊ आणि ओतलेला रंग

जॅक्सन पोलॉक म्हटलं की जमिनीवर पसरलेला कॅनव्हास आणि त्यावर ओतलेला रंग आठवतो. पण ही गोष्ट सुरू होते त्याच्याही आधी.

१९३६. न्यूयॉर्कमध्ये मेक्सिकोचा चित्रकार सिकेरॉस कार्यशाळा चालवतोय. माणूस कट्टर कम्युनिस्ट, त्यामुळे मोर्चांचे चित्ररथही तिथंच बनायचे. ब्रश त्याला जुनाट वाटायचा. मग काय, मोटारींना लावतात तो रंग आणला, लाकडी फळी आडवी ठेवली आणि एका रंगावर दुसरा ओतला. वरचा रंग जड असेल तर तो खाली घुसतो, खालचा हलका रंग वर येतो आणि जाळीसारखी नक्षी आपोआप उमटते. भौतिकशास्त्रात याला रॅले-टेलर अस्थिरता म्हणतात. आम्हाला बीटेकला असलं काही फक्त समीकरणांत भेटायचं!

तिथं पोलॉक होता आणि त्याचा सख्खा भाऊ सॅनफर्डही. हा भाऊ पुढे स्क्रीन प्रिंटिंगच्या धंद्यात शिरला. १९५१ मध्ये त्याच्याच मदतीनं पोलॉकच्या ओतलेल्या काळ्या चित्रांपैकी ६ चित्रांचा संच छापला गेला. चित्राचा फोटो काढून आकार लहान केला, त्यावरून जाळीवर स्टेन्सिल बनवलं आणि रबरी पट्टीनं शाई ओढली. आपल्याकडे लग्नपत्रिका छापायचे, तसंच.

ओतलेला रंग पुन्हा तसाच कधीच पडत नाही. तिथं 'अनडू' नाही, 'कॉपी-पेस्ट' तर नाहीच. आणि नेमक्या त्याच्याच प्रती निघत होत्या! माझ्या मते छापात रंगाचा थर हरवतो, पण रेषेचा वेग टिकतो.

स्क्रीन प्रिंट म्हटलं की सगळ्यांना आठवणारा वॉरहॉल? त्यानं ही जाळी हातात घेतली १९६२ मध्ये.