करीमा अब्बूदचा शिक्का

दक्षिण लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होतो, तेव्हा समोरच्या टेकडीवर खियाम गाव दिसायचं. भारतीय बटालियन त्या भागात १९९८ मध्ये आली. खियाम हे नाव आमच्या नकाशांवर आणि रोजच्या अहवालांत सारखं यायचं. माझ्या लेखी ते एक नजर ठेवण्याचं ठिकाण होतं, बस्स. याच गावातून पॅलेस्टाइनमध्ये गेलेल्या एका घराण्यातली मुलगी पुढे छायाचित्रकार झाली, हे मला भारतात परतल्यावर वाचनातून कळलं.

तिचं नाव करीमा अब्बूद. जन्म १८९३, बेथलेहेमचा. वडील लुथरन पंथाचे पाद्री. १९१३ साली त्यांनी मुलीला कॅमेरा भेट दिला. तिने आधी घरच्यांचे, ओळखीच्यांचे आणि आसपासच्या गावांचे फोटो काढले. हळूहळू तोच व्यवसाय झाला आणि घरीच स्टुडिओ उभा राहिला. फोटोंवर ती अरबी आणि इंग्रजीत शिक्का मारू लागली : करीमा अब्बूद, लेडी फोटोग्राफर.

यातल्या ‘लेडी’ शब्दावरच धंदा उभा होता. त्या काळी फोटो म्हणजे एका अनोळखी पुरुषासमोर बराच वेळ स्थिर बसणं. मान वळवायची, हात कुठे ठेवायचा, पदर कसा घ्यायचा, हे तो सांगणार. अनेक घरांतल्या बायकांना हे मान्य नव्हतं. करीमाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन कळवलं, की आपण बायकांचे आणि कुटुंबांचे फोटो काढतो, आणि हवं असेल तर घरी येऊन काढतो. त्या काळात ती स्वतः मोटार चालवायची.

माझ्या आजीचा तरुणपणीचा एकच फोटो घरात आहे. तालुक्याच्या गावी काढलेला. शेजारी सासरे उभे, आजीची नजर जमिनीवर. करीमाच्या फोटोंतल्या बायका वेगळ्या आहेत. आपल्याच बैठकीत, आपल्याच खुर्चीवर, मुलांना घेऊन त्या सैल बसल्या आहेत. कॅमेऱ्यामागे कोण आहे, एवढ्याने किती फरक पडतो!

१९३० च्या दशकात नाझरेथमध्ये लग्नाकार्यांसाठी तिला मोठी मागणी होती. हे गाव आम्हा फौजींना मात्र दुसऱ्याच कारणाने माहीत असतं. २० सप्टेंबर १९१८ च्या पहाटे ब्रिटिश घोडदळाच्या १३ व्या ब्रिगेडने नाझरेथवर छापा घातला. त्या ब्रिगेडमध्ये भारतीय रिसाले होते. जर्मन सेनापती लिमान फॉन सँडर्स थोडक्यात निसटला. तीनच दिवसांनी जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्सनी हैफा घेतलं. प्रबोधिनीत असल्यापासून मी हे नकाशे पाहत आलो आहे. बाण कुठून कुठे गेले ते तोंडपाठ आहे. त्या बाणांच्या टोकाशी जी घरं होती, त्यांत कोण राहत होतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. त्या घरांची आतली बाजू पाहायची तर करीमाचे फोटो पाहावे लागतात.

ती १९४० साली वारली. आठ वर्षांनी युद्ध झालं आणि जेरुसलेमच्या कतामोन भागातली अनेक अरब कुटुंबं घरं सोडून गेली. अशाच एका रिकाम्या घरातून तिच्या छायाचित्रांचा संग्रह एका संग्राहकाच्या हाती आला. २००६ च्या सुमारास तो नाझरेथचे अभ्यासक अहमद म्रोवात यांना मिळाला. त्यात चारशेहून अधिक फोटो होते. काढणारी कोण, याची साक्ष द्यायला तिच्या नावाचा शिक्का होता.

कामावर नाव घालणं म्हणजे मिरवणं, असं मी आजवर समजत होतो. इथे मात्र घर गेलं, माणसं गेली आणि शिक्का तेवढा उरला. त्यावरूनच फोटोंना मालकीण परत मिळाली.

येत्या सुट्टीत आजीच्या फोटोची फ्रेम उघडून मागची बाजू बघायची आहे. फोटो काढणाऱ्याचं नाव तिथे असेल, तर ते टिपून ठेवीन. आणि आजीचं नाव कुणी लिहिलेलं नसेल, तर ते मी लिहीन.