मोडीचे रुमाल आणि वेबपाने : आपले लिहिलेले वाचणार कोण?

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या मराठी घरांत माळा आवरायला काढला की मोडी कागदांचे रुमाल निघतात. जमाखर्च, वतनाची कागदपत्रे, लग्नाच्या याद्या, सोयऱ्यांची पत्रे. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या दरबारी कारभारात मोडी रुळलेली होती, तशीच ती आपल्या घरांतही होती. पुढे छपाईत बाळबोध स्थिरावली, शाळांतून मोडी गेली, आणि दोन-तीन पिढ्यांत पणजोबांचे पत्र पणतूला वाचता येईना. कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारा मात्र राहिला नाही.

ही हळहळ आपण प्रत्येक जण बोलून दाखवतो. पण असाच प्रकार गेल्या तीस वर्षांत संगणकावरही घडून गेला, याची आठवण फारशी कोणी काढत नाही. म्हणून यंदा आम्ही वेबपान रचण्याच्या विद्येचा इतिहास सांगायला घेतला आहे. ही विद्या सोपी आहे, आणि आपल्या समाजाला तिची गरज आहे.

तिचा उगम जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाला. तेथे अनेक देशांचे शास्त्रज्ञ येत, काम करत आणि परत जात. त्यांची माहिती वेगवेगळ्या संगणकांवर विखुरलेली राही. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च 1989 मध्ये ही माहिती एकमेकींशी जोडण्याचा प्रस्ताव मांडला आणि 1990 च्या अखेरीस ती योजना चालवून दाखवली. पाने लिहिण्यासाठी त्यांनी जी खुणांची भाषा ठरवली ती एचटीएमएल. 1991 मध्ये त्यांनी तिचे वर्णन लिहिले, तेव्हा तीत अवघ्या 18 खुणा होत्या.

या खुणा म्हणजे काय, हे ज्यांनी छापखाना पाहिला आहे त्यांना लगेच कळेल. हस्तलिखित कंपोझिटरकडे जाण्यापूर्वी संपादक त्यावर खुणा करी : हे शीर्षक, येथे नवा परिच्छेद, हा शब्द ठळक. इंग्रजीत या कामाला 'मार्कअप' म्हणत, आणि एचटीएमएलमधला 'एम' तोच. फरक इतकाच की खुणा समासात न करता मजकुरातच कोनी कंसांत लिहायच्या. परिच्छेदाच्या आरंभी कंसात 'पी', शेवटी पुन्हा 'पी', पण आधी एक तिरपी रेघ. मथळ्याला 'एच' आणि त्याची पायरी सांगणारा आकडा. दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या दुव्याला 'ए'. एवढ्यावर पान उभे राहते.

ही विद्या झपाट्याने पसरली, त्याला दोन कारणे झाली. एक म्हणजे 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने वेबचे तंत्र सर्वांसाठी खुले केले. ते वापरायला कोणाला दमडी मोजावी लागणार नव्हती. दुसरे कारण असे की कोणत्याही पानामागचा खुणांचा मजकूर वाचकाला उघडून पाहता येई. सुगरणीच्या शेजारी उभे राहून पाककृती शिकावी तसे लोक दुसऱ्यांची पाने पाहून शिकले. शिकवणी नाही, पदवी नाही. जगभरच्या हौशी माणसांनी अशीच पहिली पाने रचली.

भारतात 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. मराठी माणसेही पाने रचू लागली, आणि तेथेच लिपीची अडचण उभी राहिली. खुणा इंग्रजी, त्यांना काही अडत नव्हते. पण मराठी मजकूर लिहायचा कसा? पुण्यातील सी-डॅकसारख्या संस्था भारतीय लिप्यांवर काम करत होत्या, संगणकासाठी इस्की हे भारतीय मानकही ठरले होते. पण सर्वसाधारण ब्राउझरला ते उमगत नव्हते. मग लोकांनी पळवाट काढली. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले फॉन्ट आले. पडद्यावर 'क' दिसे, फाइलमध्ये मात्र एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असे. प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. वाचकाने आधी तो फॉन्ट उतरवून घ्यायचा, नाहीतर पानभर अगम्य चिन्हे. शोधयंत्रालाही त्यात मराठी सापडत नसे.

खरा उपाय तेव्हाही तयार होता. युनिकोड या जागतिक मानकाच्या 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली होती. डिसेंबर 1997 च्या एचटीएमएल 4.0 ने जगातील साऱ्या लिप्यांसाठी तोच पाया धरला आणि पानाची भाषा सांगण्याची सोय दिली. विंडोज 2000 मध्ये 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट आला. पण जुनी सवय लवकर सुटली नाही. त्या काळी फॉन्टच्या पळवाटेने लिहिलेले पुष्कळ मराठी आज कोणाला वाचता येत नाही. परिवर्तक आहेत, पण मूळ फॉन्ट कोणता होता हे तरी ठाऊक हवे. मोडीचा रुमाल शे-दोनशे वर्षांनी अबोल झाला. या फाइली वीस वर्षांतच झाल्या.

दुसरा धोका परक्या जागेचा. जिओसिटीज ही सेवा लोकांना पानांसाठी फुकट जागा देई, आणि नवशिक्यांनी तेथे लाखो पाने रचली. 1999 मध्ये ती याहूने विकत घेतली आणि ऑक्टोबर 2009 मध्ये बंद केली. इंटरनेट आर्काइव्हसारख्यांनी धावपळ करून जे वाचवले ते वाचले. भाड्याच्या घरात देव्हारा मांडला तरी मूर्तीची एक प्रत आपल्याजवळ हवी, हा त्यातला धडा.

आज आपल्या मंडळांचा इतिहास कोठे आहे? जुन्या स्मरणिकांचे गठ्ठे कपाटात, छायाचित्रे कोणाच्या तरी फोनमध्ये, आणि बाकीचे व्हॉट्सअ‍ॅपवर वाहून जाते. वेबपान शिकायला नोटपॅड आणि एक निवांत दुपार पुरते. साधी फाइल उघडावी, नाव देताना शेवटी टिंब आणि 'एचटीएमएल' लिहावे. सुरुवातीला भाषेच्या जागी मराठीचा 'एमआर' हा संकेत आणि अक्षरसंचाच्या जागी 'यूटीएफ-8' लिहावे. मजकूर युनिकोडमध्ये टंकावा, प्रत्येक छायाचित्राखाली माणसांची नावे आणि साल द्यावे. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली की पान तयार. ते इंटरनेटवर नंतर चढवता येईल; आधी दोन-तीन घरी प्रती ठेवाव्यात. सर्नमधले पहिल्या काळातले पान आजचा ब्राउझरही उघडतो, कारण ते साध्या खुणांत लिहिलेले आहे.

आणि मोडीलाही आता दार उघडले आहे : जून 2014 मध्ये युनिकोडने तिला स्वतंत्र जागा दिली. म्हणजे पणजोबांचे पत्र, त्याचे बाळबोध लिप्यंतर आणि मूळ कागदाचे छायाचित्र, तिन्ही एका पानावर मांडता येतील. महाभारत लिहून घेणाऱ्या देवतेचा उत्सव आपण करतो. मंडळातल्या चार तरुणांनी आणि मोडी जाणणाऱ्या एखाद्या ज्येष्ठांनी मिळून अशा एका रुमालापासून आरंभ करावा, एवढीच आमची विनंती.